विहीणबाईंची टीम

धाकट्या बहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई, जेवलीस का. गेल्या उन्हाळ्यात एका बुधवारी तिने तो विचारलाच नाही. "ताई, एक खुशखबर आहे," अशी थेट सुरुवात केली. मी देवासला राहते, ती धारला. तिचा आवाज इतका फुललेला मी तिच्या मुलीच्या लग्नानंतर ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो काही आवडला नाही.

तिच्या यजमानांनी नालछा रस्त्याला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. ते गेल्यावर तीन वर्षांनी तो विकला गेला आणि पैसे बँकेत आले. त्यातून धारमध्येच तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या ठरल्या होत्या, कारण तिचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. भाजी आणायची तरी ती दिवसातून एकदाच खाली उतरायची. त्या प्लॉटच्या पैशांशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"शुक्रवारी सगळे कॉइनमध्ये टाकतेय," ती म्हणाली. "सहा महिन्यांत डबल होतात. मग दोनाच्या जागी तीन खोल्या घेऊ. एक तुझी."

"कसलं कॉइन?"

"अगं, ते क्रिप्टो. मोबाईलवर असतं. पंचवीस हजार टाकून बघितले मी, रोज वाढतायत."

"आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"विहीणबाईंनी."

म्हणजे तिच्या मुलीच्या सासूबाईंनी. आता या बाई कोण हे सांगायला हवं. मराठा दरबाराबरोबर इकडे माळव्यात आलेल्या घराण्यातल्या. बोलणं अजून जुन्या वळणाचं, मामंजी, वन्सं, भावोजी. आमचे वडील नगरकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले, म्हणजे त्यांच्या हिशेबी आम्ही कालची माणसं. त्यात आम्ही मुलीकडचे. बहीण त्यांच्यासमोर खुर्चीवर टेकायची ती नुसती कडेला, आणि त्यांनी काही म्हटलं की हिचं "हो, बरोबर आहे" आधीच तयार. मला त्याचा संताप यायचा. पण लग्न तिच्या मुलीचं, मी काय बोलणार.

फोनवर मी वाद घातला नाही. "उद्या येते," एवढंच म्हटलं आणि पिशवी भरली.

माझी नोकरी कशी होती ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देवासच्या एका औषधाच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासणीत होते. गोळ्यांच्या पट्ट्या बघायच्या, कुठे कप्पा रिकामा, कुठे कागद सुटलेला, कुठे छपाई सरकलेली. काम कंटाळवाणं, पण मी त्यात पक्की होते आणि हे सांगायला मला लाज नाही. पॅकिंगच्या लाईनवरचा कुणी गोड हसत चार पट्ट्या हातात आणून द्यायचा, "दीदी, ये सॅम्पल देख लो." मी त्या पट्ट्या टेबलावर तशाच ठेवायची आणि स्वतः उठून मागच्या रांगेतलं खालचं खोकं उघडायची. ज्याचा माल त्याने निवडून दिलेला नमुना मी आयुष्यात कधी पास केला नाही. लोक मला मागे खडूस म्हणायचे. म्हणोत.

गुरुवारी सकाळची बस धरली. इंदूरला बदलून दुपारी साडेबाराला धारला उतरले. दुसरा मजला चढताना माझाच जीव वर-खाली झाला, तर हिचं काय होत असेल. दार उघडून तिने आधी पाणी दिलं, मग पोहे, मग तोंडभर हसत मोबाईल पुढे केला.

हिरव्या आकड्यांनी भरलेला पडदा. पंचवीसचे एकतीस हजार झाले होते. खाली एक रेघ वर वर चढत गेलेली. मी चष्मा लावला आणि चार-पाच मिनिटं नुसती बघत बसले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ही रेघ एकदाही खाली का आलेली नाही गं?"

"म्हणजे?"

"सोनं वर-खाली होतं, सोयाबीन वर-खाली होतं, लसणाचं तर विचारूच नकोस. हे तेवढं रोज वरच जातं?"

"विहीणबाईंच्या ग्रुपवरचे सर म्हणतात, कॉम्प्युटर खरेदी-विक्री करतो. गॅरंटी आहे."

गॅरंटी हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापायला लागलं. तरी मी शांतपणे विचारत गेले. हे ॲप मोबाईलमधल्या ॲपच्या दुकानातून घेतलंस का? म्हणे नाही, ग्रुपवर लिंक आली, त्यावरून. मोबाईलने धोका आहे असं दाखवलं नाही? दाखवलं, पण सर म्हणाले, तिथे ओके दाबा. पैसे कुणाच्या खात्यात भरलेस? एका बाईच्या नावाचं खातं होतं, कुठल्या तरी परगावच्या बँकेतलं, आणि शुक्रवारसाठी आता वेगळंच खातं दिलं होतं, एका किराणा दुकानाच्या नावाचं. ग्रुपमध्ये तीनशे माणसं आणि सगळे सकाळी उठून सरांचे आभार मानणारे. एकानेही कधी प्रश्न विचारलेला नाही. एका मोठ्या उद्योगपतीचा व्हिडिओ होता, त्यात त्याचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. शुक्रवारी बारानंतर ऑफर बंद. दोन नवीन माणसं आणली तर बोनस.

त्यानंतर एक आवाजाचा निरोप तिने लावला. मऊ, लाघवी हिंदी. "दीदी, बँकवाले पूछें इतना पैसा कहाँ भेज रहे हो, तो बोलना रिश्तेदार के इलाज के लिए है. क्रिप्टो का नाम मत लेना, वो लोग जलते हैं."

मी मोबाईल पालथा ठेवला. "ज्या माणसाला तू बँकेत खोटं बोलावं असं वाटतं, तो तुझा कोण लागतो?"

"ताई, तू सगळ्यात खोट काढतेस. नोकरी संपली तरी तुझी तपासणी काही संपत नाही."

"नाहीच संपत."

"मग हे बघ." तिने बँकेचा मेसेज काढला. तिच्या खात्यात तीन हजार जमा झालेले होते. "निघाले की नाही पैसे? खोटं असतं तर निघाले असते?"

या तीन हजारांवर तिचा सगळा विश्वास उभा होता, हे माझ्या लक्षात आलं. "हे काढ असं तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. म्हणाले, दीदी, भरवसा नसेल तर तीन हजार काढून बघा."

"किती काढायचे तेही त्यांनीच सांगितलं, कधी काढायचे तेही त्यांनीच. मग तू काय तपासलंस? अगं, चार चांगल्या पट्ट्या हातात दिल्या त्यांनी तुझ्या. आता तू आपल्या मनाने काढ. वीस हजार काढ, आत्ता, माझ्यासमोर. आले तर मी कान पकडते आणि माझेही त्यात टाकते."

मला वाटलं, झालं काम. इतकं सरळ होतं ते. पण तिने मोबाईल ओढून घेतला आणि पदराखाली धरला.

"नाही जमणार."

"का?"

"मी विहीणबाईंच्या टीममध्ये आहे. माझं खातं त्यांच्या खाली. मी काही काढलं की त्यांच्या मोबाईलवर लगेच दिसतं."

"दिसू दे की."

"त्यांना काय वाटेल? त्यांनी घरी येऊन, सोफ्यावर बसून, आपलं माणूस म्हणून मला यात घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे आपणहून आल्या, ताई. चार जिन्यांचे वळसे चढून. आणि मी महिन्याच्या आत पैसे काढायला लागले तर त्यांच्या तोंडावर म्हटल्यासारखंच झालं, की माझा तुमच्यावर विश्वास नाही. उद्या माझ्या पोरीला त्या घरात ऐकून घ्यावं लागेल."

मी थक्क झाले. सर, रेघ, गॅरंटी, या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे होती. विहिणीच्या मानाचं उत्तर नव्हतं. बाजारात दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भांडणारी माझी बहीण, ती या बाईला एक साधा प्रश्न विचारू शकत नव्हती, आणि त्यापायी घर घालवायला निघाली होती. आमच्याकडच्या किती तरी बायका अशाच वागतील. व्याह्यांकडून आलेला लाडू कुणी फोडून बघत नाही.

मग मात्र मी चिडले, आणि चांगलीच चिडले. म्हटलं, मान त्यांचा आणि गुडघे तुझे, हे कुठलं गणित. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने सायकलवर फिरून तो प्लॉट घेतला, तो काय एका लिंकवर फुंकायला? म्हटलं, पैसे गेले तर माझ्या दारात येऊ नकोस. हे शेवटचं बोलायला नको होतं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली. आधीच घासलेली भांडी. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकींशी फक्त मीठ-साखरेपुरतं बोललो.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना मी तिला म्हटलं, "दारात येऊ नकोस म्हटलं ते मागे घेते. कधीही ये. पण एक सांग, आज बाराच्या आत तू सगळे टाकलेस आणि ते गेले, तर दोन खोल्यांचं काय?"

तिने कप खाली ठेवला. मग तिने आपणहून मोबाईल उचलला. वीस हजारांचा आकडा एकदा खोडून पुन्हा टाकला. मी मदत केली नाही. तिचं तिने दाबावं असं मला वाटत होतं.

पैसे आले नाहीत. चौथ्या मिनिटाला सरांचा फोन आला. आवाज तोच, मऊ. दीदी, नाराज हो क्या? दीदी, खाता तो फ्रीज हो गया, सिस्टम का नियम है. अठरा टक्के टॅक्स पहले भरना पड़ेगा, फिर पूरा निकलेगा. आणि आजचीच ऑफर आहे, मोठी रक्कम टाकली तर टॅक्स माफ.

मी हात पुढे केला आणि तिने मोबाईल दिला.

"भिया, टॅक्स उसी में से काट लो ना," मी आमच्या इंदूरकडच्या हिंदीत म्हटलं. "इकतीस हजार दिखा रहा है. काट के बाकी भेज दो."

"मॅडम, ऐसा नहीं होता."

"हमारे यहाँ तो ऐसा ही होता है. टॅक्स सरकार को भरते हैं, किराने की दुकान के खाते में नहीं. दफ्तर कहाँ है आपका?"

"दुबई."

"अच्छा. व्हिडिओ पे आ जाओ, दुबई दिखाओ."

मऊपणा तिथे संपला. तो असं काही बोलला की मी इथे लिहिणार नाही. मोबाईल मी मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता, बहिणीने प्रत्येक शब्द ऐकला. फोन कट झाला आणि दोन मिनिटांत तिला ग्रुपमधून काढून टाकलं. हिरव्या आकड्यांच्या जागी पांढरा पडदा आला. त्या पंचवीस हजारांतले उरलेले बावीस आजतागायत आलेले नाहीत आणि येतील असं मला वाटतही नाही. पण प्लॉटचा एक रुपयाही हलला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, कशाला खोटं बोलू.

बहीण मात्र दाराकडे बघत होती. "आता त्या येतील," म्हणाली.

अकराच्या सुमारास खरंच आल्या. कडक इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर, जिन्याने दमलेल्या. मी कंबर कसून बसले होते. आज जे काय ऐकवायचं ते ऐकवू दे, सव्याज परत करायचं, असं ठरवूनच टाकलं होतं. बहिणीने पाणी आणलं. त्यांनी पेला घेतला आणि तसाच हातात धरून बसल्या.

"तुम्ही काढायला गेलात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मिळाले का?"

"नाही," बहीण म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. मग जे सांगितलं ते खाली मान घालून, एका सुरात सांगितलं. त्यांनी दागिने गहाण टाकून पैसे भरले होते, घरात कुणालाच न सांगता. महिन्यापूर्वी काढायला गेल्या तेव्हा त्यांचंही खातं असंच गोठलं. सर म्हणाले, टीममध्ये दोन मोठी माणसं आणा, मग तुमचं सुटेल. तेव्हा त्या आमच्या बहिणीचे जिने चढून आल्या.

मला आधी काही उमगेचना. मी त्यांना भोळ्या समजत होते, फसलेल्या आणि म्हणून नकळत फसवणाऱ्या. ही बाई तर सगळं माहीत असून पोहे खाऊन गेली होती. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते एखाद्या विहिणीने विहिणीला काय, भांडखोर शेजारणीनेही बोलू नये असं होतं. मी तोंड उघडलं.

"ताई, थांब," बहीण म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली. "विहीणबाई, तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला तुमच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या नव्हत्या. मी त्याच दिवशी बघितलं होतं. विचारायला धीर झाला नाही."

त्यांनी मनगटावर पदर ओढून घेतला. रेघ, लिंक, गॅरंटी सगळं पकडणारी मी, आणि ती आधीपासूनच एक खूण बघून बसली होती. ती खूण माझ्या सगळ्या खुणांपेक्षा आधीची होती आणि पक्कीही. विहिणीला विचारायचं नसतं म्हणून तिने ती गिळली होती, इतकंच.

"एकच विचारते आता," ती म्हणाली. "माझे सगळे गेले असते, आणि तुमचे सुटले असते. तर तुम्ही मला सांगितलं असतं?"

विहीणबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांना सहज हो म्हणता आलं असतं, कुणीही म्हटलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

बहीण रडेल असं मला वाटलं. ती उठली, चपला शोधल्या, बँकेचं पासबुक आणि मोबाईल पिशवीत टाकले. "पोलिसांत जायचंय. तुम्हीही चला."

"घरी कळेल."

"कळेलच. पोरांना तुम्ही सांगा. हवं तर मी शेजारी बसते."

रिक्षात आम्ही तिघी चिकटून बसलो. ठाण्यात सायबरच्या टेबलावर एक तरुण हवालदार होता. मराठी नावाचा, पण मराठी वाचता येत नाही म्हणाला, हिंदीतच लिहून घेत होता. त्याने खात्यांचे क्रमांक घेतले, मेसेजचे फोटो घेतले, मोबाईलमधलं ते ॲप बघितलं. सगळं शांतपणे, या कामाची रोजची सवय असल्यासारखं. मग पेन थांबवून बहिणीला विचारलं, "आंटी, आपको इसमें लाया कौन?"

"ये. मेरी समधन."

त्याने वर बघितलं. एकीकडे, मग दुसरीकडे. "मतलब इन्होंने आपको फँसाया?"

विहीणबाईंचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. मला बहिणीचं उत्तर ठाऊक होतं. ती म्हणणार, नाही हो, त्यांचा काय दोष, त्या तर आमच्या मोठ्या. आयुष्यभर तेच म्हणत आली होती. मी खुर्चीत पुढे सरकले, तिने सारवासारव केली तर खरं मी सांगायचं म्हणून.

तिने टेबलाखाली माझा हात दाबून धरला.

"हाँ," ती हवालदाराला म्हणाली. "और इनको किसी और ने फँसाया. दोनों लिखो."